'प्रिफर'नंतर 'दॅन' का चालत नाही आणि 'नॉट ओन्ली' नक्की कुठे बसतं

एसएससीची (दहावीची नव्हे, स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या सरकारी नोकरभरतीची) तयारी करणाऱ्या एकाचा प्रश्न आहे. "आय प्रिफर रीडिंग दॅन टू वॉच टीव्ही" हे चूक म्हणून 'दॅन' काढून "आय प्रिफर रीडिंग टू वॉच टीव्ही" केलं तरी चूकच, असं का? आणि "ही नॉट ओन्ली टीचेस मॅथ्स बट ऑल्सो फिजिक्स" यात काय बिघडलंय, अर्थ तर कळतोय की.

पहिल्या वाक्यात दोन भानगडी आहेत आणि एकच दुरुस्त केलीय. 'प्रिफर'चा जोडीदार 'टू', 'दॅन' नाही, ही झाली रूढी. तिला कारण विचारायचं नाही, पाठ करायची. आपण 'दॅन' लावतो कारण डोक्यात मराठीतलं 'पेक्षा' असतं. पण पुढचं मात्र पाठ करायची गरज नाही, कारण हा 'टू' म्हणजे 'टू गो, टू ईट'मधला 'टू' नव्हे, हा आपल्या शब्दयोगी अव्ययासारखा, त्याला शेजारी नाम लागतं. मराठीत तरी 'टीव्ही बघपेक्षा' कोण म्हणतं, 'बघण्यापेक्षा' म्हणतो ना, क्रियापदाचं आधी नाम करूनच 'पेक्षा' लावतो, तसंच तिकडे 'वॉचिंग'. म्हणून "आय प्रिफर रीडिंग टू वॉचिंग टीव्ही". तुमच्या वाक्याचा अर्थ जवळजवळ 'टीव्ही बघता यावा म्हणून मला वाचन आवडतं' असा होतो :)

'रीडिंग'ऐवजी 'टू रीड' वापरायचं असेल तर "आय प्रिफर टू रीड रादर दॅन वॉच टीव्ही", इथे 'रादर'सकट 'दॅन' चालतो.

आता 'नॉट ओन्ली'. बोलताना हे वाक्य इंग्रज पण सर्रास म्हणतात, कुणी अडवत नाही, पण पेपर काढणारा अडवतो. 'नॉट ओन्ली'च्या लगेच पुढे जे आलं त्याच जातीचं 'बट ऑल्सो'च्या पुढे हवं. तुमच्याकडे एकीकडे 'टीचेस' हे क्रियापद आणि दुसरीकडे 'फिजिक्स' हे नाम. मग एकतर "ही टीचेस नॉट ओन्ली मॅथ्स बट ऑल्सो फिजिक्स", नाहीतर 'नॉट ओन्ली' तिथेच ठेवून "...टीचेस मॅथ्स बट ऑल्सो सेट्स द पेपर". मराठीत हा त्रास फारसा होत नाही कारण 'च' आणि 'सुद्धा' ज्या शब्दाचे त्यालाच चिकटतात, 'गणितच नाही, फिजिक्ससुद्धा शिकवतो', त्यामुळे कुणाबद्दल बोलतोय ते आपोआप कळतं. इंग्रजीत ते काम जागेवर चालतं. 'आयदर-ऑर', 'नायदर-नॉर', 'बोथ-अँड' सगळ्यांना हाच नियम.

'बिट्वीन'ची पण एक खास मराठी चूक आहे, "बिट्वीन टेन टू फाइव्ह", कारण आपलं 'दहा ते पाचच्या दरम्यान'. 'बिट्वीन'ला 'अँड' लागतो, 'टू' हवा असेल तर 'फ्रॉम' आणा. 'कन्सिडर'नंतर 'ॲज' पण असाच, आपल्या 'म्हणून'मुळे घुसतो. परीक्षेत तो चूक धरतात, 'रिगार्ड'ला मात्र हवाच.

जीमॅट (एमबीएसारख्या कोर्सची प्रवेश परीक्षा) घेणाऱ्यांनी 2023च्या फोकस एडिशनमध्ये, म्हणजे परीक्षेच्या नव्या रूपात, सेंटेन्स करेक्शन (वाक्य सुधारण्याचे प्रश्न) काढूनच टाकलं, त्यामुळे त्यांच्या जुन्या प्रश्नांचे ढीग आता सरावापुरते उरलेत. पण सराव म्हणून चांगले आहेत, खासकरून तुलनेचे. कारण मराठी कानाला सगळ्यात जास्त फसवते ती तुलना. "द क्लायमेट ऑफ पुणे इज बेटर दॅन मुंबई" घ्या. 'पुण्याची हवा मुंबईपेक्षा बरी' हे मराठीत ठणठणीत वाक्य आहे (मुंबईकरांनी माफ करावं), पण इंग्रजी पेपरात हवेची तुलना शहराशी झाली म्हणून मार्क गेला. तिथे "दॅन दॅट ऑफ मुंबई" लागतं, आणि हवेच्या जागी 'रोड्स' असले तर 'दोज ऑफ'.