डच चित्रकार रेम्ब्रांटच्या ‘ओमवाल’ या नदीकाठच्या चित्रात लपलेलं जोडपं नेमकं कुठे आहे?

डावीकडे, त्या वेड्यावाकड्या म्हाताऱ्या झाडाच्या सावलीत बघा. पानांच्या काळोखात दोघं बसलीत. तो तिच्या डोक्यावर पानाफुलांची माळ ठेवतोय. चटकन दिसत नाहीत, कारण काठावरचा पाठमोरा टोपीवाला आपली नजर आम्स्टेल नदी, छपराची होडी आणि पलीकडच्या पवनचक्क्यांकडे पळवतो. लबाडीच आहे ती!

चित्र १६४५ चं, आम्स्टरडॅमजवळचं. हे छापचित्र आहे, म्हणजे कोरलेल्या पत्र्याला शाई लावून कागदावर छापलेलं. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन, त्यात रेघा ओढून त्या आम्लाने कोरल्यात. काही ठिकाणी मात्र सुईने थेट तांबंच ओरखडलंय. त्या चरीच्या कडेला उठलेला खरखरीत धातू शाई धरतो, म्हणून काळा रंग मखमली उमटतो. छापता छापता तो उठलेला धातू झिजतो, त्यामुळे सुरुवातीच्या प्रती जास्त गडद असतात. मोबाइलवर झूम करूनच शोधा.