त्वचेची विचारपूस : सीरम लावते, तरी वांग हलत नाहीत

प्रश्न : डॉक्टर ताई, मी रावेर तालुक्यातली, वय ३८. घरची केळीची बाग आहे, कटाईच्या दिवसांत मीही बागेत असते. धाकटी लेक झाल्यानंतर दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग आले. आधी मेडिकलमधून विचारून एक ट्यूब आणली, पाच महिने लावली. पंधरा दिवसांत चेहरा उजळला, पण बंद केली की पहिल्यापेक्षा काळा आणि आग वेगळीच. आता भाचीने व्हिटॅमिन सीचं सीरम मागवून दिलं आहे. सहा आठवडे झाले, फरक नाही. उलट आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, डाग गडद झाले. आणताना पाण्यासारखं होतं ते सीरम आता कोऱ्या चहासारखं दिसतं. सोडून देऊ का? सासूबाई म्हणतात, लिंबू-हळद लाव.

उत्तर : ताई, ती बाटली आजच टाकून द्या. व्हिटॅमिन सी हवेने, उजेडाने आणि उष्णतेने खराब होतं, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ते टिकणार कसं? तपकिरी झालं म्हणजे त्यातला कस गेला. पुढची बाटली गडद काचेची, लहान घ्या आणि थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. फ्रिजमध्ये ठेवलीत तरी चालेल.

सीरम करतं काय, हे तुम्हाला बागेतलंच उदाहरण देऊन सांगते. घड कापताना साडीवर चीक उडतो. उडतो तेव्हा पाण्यासारखा असतो, संध्याकाळपर्यंत तपकिरी होतो, मग कितीही घासा, निघत नाही. चिकातल्या एका एन्झाइमचा हवेशी संबंध आला की तो काळा पडतो. आपल्या त्वचेत त्याच कुळातलं टायरोसिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते रंग तयार करतं. व्हिटॅमिन सी, तसंच सीरममध्ये असणारी कोजिक ॲसिड, अल्फा आर्ब्युटिन ही सगळी त्याचा हात आखडतात. नियासिनामाइड हा आणखी एक घटक तयार झालेला रंग वरच्या पेशींत जाऊ देत नाही. म्हणजे सीरम नवा रंग कमी करतं, जुना पुसत नाही. जुना त्वचेबरोबर हळूहळू वर येऊन झडावा लागतो. म्हणून आठ ते बारा आठवडे रोज लावल्याशिवाय त्याला नाव ठेवू नये. तुमचे सहा आठवडे झाले, तेही बिघडलेल्या सीरमचे.

आणि आखाजी! माहेरी खापरावरचे मांडे केले असतील. पेटत्या चुलीसमोर दोन-तीन तास बसलं की तोंडाला जी धग लागते, तिनेही वांग वाढतात, नुसत्या उन्हानेच नाही. हे मी माझ्याच तोंडावर पाहिलं आहे. दुसऱ्या मुलाच्या वेळी मलाही वांग आले होते. दवाखान्यात दिवसभर सावलीत असूनही उन्हाळ्यात ते हटले नाहीत, कारण मी सनस्क्रीन फक्त सकाळी लावत होते, तेही हरभऱ्याएवढं. खरं प्रमाण तर्जनी आणि मधलं बोट भरून, चेहरा आणि मान मिळून, आणि दर दोन-तीन तासांनी पुन्हा. उन्हापासून किती संरक्षण मिळतं ते सांगणाऱ्या खुणा बाटलीवर पाहा : एसपीएफ ३० किंवा जास्त, पीए प्लस प्लस प्लस. जमलं तर आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन घ्या, कारण दिसणाऱ्या प्रकाशानेही वांग गडद होतात आणि साधं सनस्क्रीन तो अडवत नाही. वरून सुती, जाड विणीचा स्टोल बांधा. झिरझिरीत ओढणीतून ऊन येतंच. गाडी भरताना उघड्यावर थांबता, तेव्हा टोपीही घाला. याशिवाय कितीही महागाचं सीरम वाया जाईल, हे मी पोटतिडकीने सांगते.

लिंबू मात्र नको. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि ते वांगापेक्षा काळे राहतात. सासूबाईंना तसं समजावून सांगा, त्यांचा हेतू चांगलाच आहे.

सीरमपेक्षा मला काळजी वाटली ती त्या ट्यूबची. पंधरा दिवसांत उजळणं आणि बंद केल्यावर आग होणं, हे मी रोज ऐकते. खोक्यावर मोमेटासोन, बेटामेथासोन किंवा क्लोबेटासॉल लिहिलेलं आहे का, पाहा. ही स्टेरॉइडं आहेत. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावली की त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते. सोबत हायड्रोक्विनोन हे रंग उजळवणारं औषध असेल आणि ते लांबत गेलं, तर निळसर-काळे डाग पडतात, ते काढणं फार अवघड. ती ट्यूब पुन्हा हातात घेऊ नका. आग अजून होत असेल तर नवं सीरमही महिनाभर थांबवा, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन पुरे.

आणखी एक, पाळणा लांबवण्याच्या गोळ्या सुरू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यांनीही वांग वाढतात. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचारोगाची ओपीडी असते. जाताना ट्यूबचं खोकं सोबत न्या. आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, सकाळी, त्याच ओट्यावर, त्याच उजेडात चेहऱ्याचा एक फोटो काढून ठेवा. रोज आरशात पाहून फरक कळत नाही.