एलसीडी टीव्हीचा लाल दिवा लुकलुकतो, पण टीव्ही सुरू होत नाही. कपॅसिटर गेला असेल का?

हो, बहुतेक पॉवर सप्लाय बोर्डावरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच गेलेत. मी टीव्ही दुरुस्तीच करतो. हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याला) खेटून बसवलेले १००० मायक्रोफॅरड, १० किंवा १६ व्होल्टचे कपॅसिटर उष्णतेने आतून सुकतात. डोकं फुगलेलं दिसेल, कधी त्यावर तपकिरी चिकटा. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तितक्याच किंवा जास्त व्होल्टचा, १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारा, लो ईएसआर (म्हणजे आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर लावा. कपॅसिटरच्या अंगावरच्या पट्टीची बाजू मायनस. पण कृपा करून आधी ४५० व्होल्टचा मोठा कपॅसिटर मीटरने तपासा, प्लग काढल्यावरही त्यात ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज उरू शकतो आणि तो जिवावर बेततो. मात्र डोकं सपाट आहे म्हणून कपॅसिटर चांगलाच असं नाही, ते ईएसआर मीटरच सांगेल.