मोडेमसाठी आरजी-६ पुरते, खरी काळजी घ्या ती कनेक्टरची

केबल इंटरनेटचा मोडेम दुसऱ्या खोलीत न्यायचा आहे, १५ मीटरच्या आसपास केबल लागेल; मग टीव्हीच्या केबलसारख्या या कोअॅक्सिअल केबलचा कोणता प्रकार घ्यावा, आरजी-५९, आरजी-६ की आरजी-११? क्वाड शील्ड, म्हणजे गोंगाट अडवणाऱ्या आवरणाचे चार थर असलेली, घ्यावी का? आणि हाताने पिरगाळून बसवायचे कनेक्टर चालतील का? तुमच्या या तीन प्रश्नांपैकी शेवटचा सर्वांत महत्त्वाचा, म्हणून त्याचं उत्तर आधी: चालणार नाहीत.

या केबलच्या टोकाला जो आट्यांचा कनेक्टर लागतो त्याला एफ कनेक्टर म्हणतात, आणि त्याला स्वतःची पिन नसते. केबलची मधली तारच पिन म्हणून पोर्टमध्ये जाते, आणि बाहेरची जाळी कनेक्टरच्या धातूला चहूबाजूंनी टेकलेली असावी लागते. पिरगाळून बसवलेल्या कनेक्टरमध्ये जाळी कुठे टेकते, कुठे टेकत नाही. केबल थोडी हलली की पकड आणखी सैल होते. त्याचा फटका आधी बसतो अपलोडला. मोडेम वर पाठवतो ते सिग्नल ५ मेगाहर्ट्झपासून सुरू होतात आणि जुन्या यंत्रणांत ४२ किंवा ६५ मेगाहर्ट्झपर्यंत जातात. मोटारी, स्वस्त चार्जर, शॉर्टवेव्ह रेडिओ या सगळ्यांचा गोंगाट नेमका याच पट्ट्यात असतो आणि ढिल्या जोडातून तो आत शिरतो. शिवाय परिसरातल्या सगळ्या घरांचे वर जाणारे सिग्नल एकाच ठिकाणी जमा होतात, त्यामुळे तुमच्या घरातला गोंगाट शेजाऱ्यांच्याही वाट्याला येतो. केबल कंपन्यांचे तंत्रज्ञ घरातले जोड तपासायचा आग्रह धरतात तो उगाच नाही.

म्हणून कॉम्प्रेशन, म्हणजे दाबून घट्ट बसवायचे, कनेक्टर घ्या. त्याला दाबायचं वेगळं अवजार लागतं, सोबत कोअ‍ॅक्सिअल स्ट्रिपरही (केबल सोलायचं अवजार) घ्या. दोनच टोकं करायची असतील तर कुणाकडून तरी मागून आणा, किंवा दोन्ही टोकांना कारखान्यातच कनेक्टर बसवलेली तयार केबल घ्या. स्वतः करणार असाल तर मधली तार साधारण ६ मिलिमीटर उघडी आणि त्यामागे तेवढीच जाळी, असं सोला. जाळी मागे दुमडा, पांढऱ्या फोमला चिकटलेलं फॉइल मात्र तसंच राहू द्या. कनेक्टर आत रेटा, इतका की फोमचा काठ आतल्या तळाशी सपाट येईल. इथे घाई केली की फोम मागेच राहतो आणि नंतर कितीही दाबलं तरी जोड बिघडलेलाच राहतो. मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर २-३ मिलिमीटर दिसली पाहिजे. जाळीचा एक केस जरी त्या तारेला शिवला तरी शॉर्ट झालाच, म्हणून दाबण्याआधी उजेडात धरून आत बघा.

पोर्टवर आधी हाताने पूर्ण आवळा, मग ११ मिलिमीटरच्या पान्याने हलकेच थोडंसं. मोडेमच्या पोर्टवर त्याहून जास्त जोर नको, आतला सांधा निखळू शकतो. आटे नसलेले, नुसते ढकलून बसवायचे कनेक्टर विसरा. सोनेरी मुलाम्यानेही सिग्नलचं काही भलं होत नाही.

आता केबल. तिचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) ७५ ओहमच हवा. आरजी-५८ दिसायला जवळपास तशीच असते, पण ती ५० ओहमची, रेडिओच्या कामाची. १ गिगाहर्ट्झला १५ मीटरमध्ये आरजी-५९ सुमारे ४ डेसिबल (सिग्नल किती घटला ते मोजायचं एकक) खाते, आरजी-६ तीनच्या थोडं वर आणि आरजी-११ दोनच्या जरा वर. म्हणजे आरजी-११ घेऊन वाचतो जेमतेम एक डेसिबल, आणि त्या बदल्यात गळ्यात पडते एक जाड, वळायला नाखूश केबल, जिचे कनेक्टरही वेगळे. ती ५०-६० मीटरच्या पुढच्या लांबीसाठी ठेवा. आरजी-६ घ्या. भिंतीत आधीपासून आरजी-५९ असेल तर ती बदला, कारण तिचं शील्डिंग (गोंगाट अडवणारं आवरण) बहुधा जुन्या टीव्हीच्या काळातलं, विरळ जाळीचं असतं.

एक गोष्ट मात्र केबलच्या जातीपेक्षा मोठी आहे. एका केबलचा सिग्नल दोन वाटांना वाटणारा दोन तोंडांचा साधा स्प्लिटर प्रत्येक बाजूला सुमारे ३.५ डेसिबल खातो, म्हणजे तुमच्या अख्ख्या १५ मीटर केबलहून जास्त! वाटेत जुन्या टीव्हीसाठी लावलेला आणि आता कुणी वापरत नसलेला स्प्लिटर असेल तर तो आधी काढा. ठेवावाच लागला तर त्यावर ५ ते १००२ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून रुंद पट्टा छापलेला असू द्या (डिशसाठीचा ९५० ते २१५० वाला इथे निरुपयोगी) आणि रिकाम्या तोंडावर ७५ ओहमचा टर्मिनेटर (तोंड बंद करणारी टोपी) लावा.

क्वाड शील्ड म्हणजे दोन फॉइल आणि दोन जाळ्या. मोबाइल टॉवर अगदी समोर असेल किंवा केबल विजेच्या बऱ्याच तारांजवळून जाणार असेल तर घ्या, नाहीतर तीन थरांची पुरते. घेतलीत तर कनेक्टरच्या पाकिटावर क्वाड शील्ड लिहिलंय का ते बघा, आणि सोलताना बाहेरचं फॉइल फाडून काढून दोन्ही जाळ्या मागे दुमडा. मधली तार तांबं चढवलेल्या पोलादाची असली तरी बिचकू नका. इतक्या वरच्या वारंवारतेला प्रवाह तारेच्या फक्त कातडीतून वाहतो. १ गिगाहर्ट्झला ती कातडी सुमारे ०.००२ मिलिमीटर जाडीची. निखळ तांबं लागतं ते केबलमधून डिशला किंवा अ‍ॅम्प्लिफायरला वीजही द्यायची असेल तेव्हा.

केबल ओढताना ७ सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वळवू नका आणि खिळे तिला चेपतील असे ठोकू नका. जिथे ती चेपते तिथे तिचा इम्पिडन्स बदलतो आणि सिग्नलचा काही भाग उलटा फिरतो.

काम करण्याआधी आणि झाल्यावर ब्राउझरमध्ये मोडेमचं पान उघडून आकडे लिहून ठेवा; बहुतेक केबल मोडेमना १९२.१६८.१००.१ हा पत्ता असतो. डाउनस्ट्रीम (मोडेमकडे येणारा सिग्नल) उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीमध्ये (सिग्नलच्या ताकदीचं एकक) असावा, एसएनआर (सिग्नल गोंगाटाहून किती वर आहे तो आकडा) ३३ डेसिबलच्या वर. अपस्ट्रीम पॉवर (मोडेम वर पाठवतो त्या सिग्नलची ताकद) ५० डीबीएमव्हीच्या पुढे गेली असेल तर मोडेम ओरडून बोलतोय, वाटेत कुठेतरी सिग्नल जास्त खाल्ला जातोय. मोडेम रीस्टार्ट करून एक दिवस जाऊ द्या. नव्या जोडांनंतरही त्याच पानावरचा दुरुस्त न होणाऱ्या चुकांचा (अनकरेक्टेबल) आकडा चढतच राहिला, तर मोडेम उचलून केबल घरात शिरते तिथेच थेट लावून बघा. तिथेही तेच दिसलं तर बिघाड घराबाहेर आहे. दोन्ही ठिकाणचे आकडे कंपनीच्या तंत्रज्ञाला द्या.