नाना, तो शब्द आपल्या घरात नको

"वडिलांचं वय झालंय, आता त्यांना काय बदलायचं?" तिशीतली एक संशोधक हेच विचारत माझ्याकडे आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) घर छत्रपती संभाजीनगरात, वरची खोली भाड्यानं द्यायची होती. तिच्यासोबत शिकणारा सुदानचा मुलगा बघायला आला. नाना त्याच्याशी गोडच बोलले, "कालच दिली की." तो जिना उतरताच लेकीला म्हणाले, "हबशी घरात आणायलीस? गल्लीत काय तोंड दाखवू?"

तिनं इतिहास काढला. 1610 मध्ये ज्यानं खडकी वसवली, जिचंच पुढं हे शहर झालं, तो मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला हबशीच. त्याच्या नहरीचं पाणी शहरानं पिढ्यान्‌पिढ्या प्यायलं, कबर इथंच खुलताबादला. नाना म्हणाले, "मंग त्यालाच मागावं की खोली." तिथून अबोला, वीस दिवस.

तिचा मुद्दा खराच होता. पण चार माणसांत लेकीनं बापाला चूक ठरवलं की बापाला मुद्दा ऐकू येत नाही, अपमान तेवढा ऐकू येतो. (सासूबाईंशी असले वाद मीही जिंकलेत. उपयोग शून्य.)

मी म्हटलं, नानांशी नंतर बोल, आधी त्या मुलाला खरं सांग. खोली रिकामी होती, आम्ही खोटं बोललो. ती घाबरत गेली. त्याला माहीत होतं. ते त्याचं सहावं घर होतं.

मग एका सकाळी भाऊ-वहिनी उठायच्या आत तिनं नानांना गाठलं. "पुण्यात 'मराठवाड्याचे का?' विचारून तुम्हाला खोली नाकारली होती ना?"

"ते येगळं होतं."

इथं पूर्वीची ती भांडली असती. या वेळी एवढंच बोलली, "खोली तुमची, कुणाला द्यायची ते तुम्ही ठरवा. पण तो शब्द माझ्यासमोर निघाला तर मी उठून जाईन." त्यानंतर दोनदा ती भरल्या ताटावरून उठली. आई रडली. तिला वाटलं आपण दुष्ट झालो. मला तसं वाटलं नाही.

नानांनी खोली त्याला दिलेली नाही. देतील असं मला वाटतही नाही. परवा मात्र जेवताना त्यांनी मान वर न करता विचारलं, "तुझ्या त्या सुदानवाल्याला जागा भेटली का?"