बायबलातला 'जकातदार' आणि 'कर अधिकारी'

प्रश्न असा आहे: मराठी बायबलात 'जकातदार आणि पापी' ही जोडी वारंवार भेटते. जकातदार तर सरकारी नोकर. त्याला पाप्यांच्या पंगतीला का बसवले? आणि आजच्या वाचकासाठी 'कर अधिकारी' केले तर काय बिघडते?

बरेच बिघडते. मूळ ग्रीक शब्द 'तेलोनेस'. एखाद्या नाक्यावरची वसुली जो मक्त्याने घेतो तो तेलोनेस, किंवा त्याचा माणूस. म्हणजे तो नोकर नव्हेच. ठरलेली रक्कम भरण्याची हमी त्याची, वर सुटेल तो नफा त्याचा. बाप्तिस्मा करणारा योहान या लोकांना ठरवून दिल्यापेक्षा जास्त घेऊ नका असे सांगतो, ते याचसाठी. जास्त घेणे सोपे होते, कारण दर बहुधा रूढीवर चालत. सीरियातल्या पाल्मिरा या व्यापारी शहराच्या नगरसभेने इ.स. 137 मध्ये दरपत्रक दगडावर कोरून घेतले, त्यातच कारण दिले आहे: जुन्या नियमात पुष्कळ मालाचा उल्लेख नसल्याने व्यापारी आणि वसुलीवाले यांच्यात तंटे होत. सुगंधी तेल अलाबास्टर दगडाच्या कुप्यांतून आले तर उंटाच्या ओझ्यामागे 25 दिनार, बकऱ्याच्या कातड्याच्या बुधल्यांतून आले तर 13. असे लिहून ठेवलेले नसेल तर नाक्यावरचा माणूस काय सांगेल तोच दर.

त्याच दरपत्रकाच्या अरामी मजकुरात या वसुलीसाठी 'मक्सा' हा शब्द आहे. ज्यूंच्या मिश्ना या जुन्या नियमसंग्रहात वसुली करणारा माणूस 'मोखेस'. तिथे नियम आहे की मोखेसच्या पेटीतून नाणी मोडून घेऊ नयेत, त्यातले दानही स्वीकारू नये. त्याने घरातून किंवा बाजारात दिले तर चालते. पेटीतला पैसा लुबाडलेला धरायचा, म्हणून. दुसरीकडे खुनी, लुटारू आणि मोखेस यांच्यापासून माल वाचवायला खोटा नवस बोलण्याचीही मुभा आहे. 'जकातदार आणि पापी' या जोडीचे मूळ या वातावरणात आहे.

गंमत पुढे आहे. हिब्रूतला 'मेखेस' आणि अरबीतला 'मक्स' हे सख्खे भाऊ. मक्स म्हणजे व्यापाऱ्यांकडून घेतलेली वसुली, धर्मशास्त्राच्या दृष्टीने निंद्य. याउलट 'जकात' हे धार्मिक कर्तव्य म्हणून द्यायचे दान. मराठीत येईपर्यंत जकातीने दानाचा अर्थ टाकला आणि ती नाक्यावर जाऊन बसली. अरबी जाणणाऱ्याला 'जकातदार' हे भाषांतर उलटे वाटेल. मराठी वाचकाला ते नेमके लागू पडते.

आता 'कर'. कफर्णहूमच्या नाक्यावरचा मत्तय, जो पुढे येशूचा शिष्य झाला, हा रोमचा माणूस, असे बरेच जण समजतात. पण कफर्णहूम गालीलात, आणि तिथे तेव्हा रोमचा मांडलिक हेरोद अंतिपाचा अंमल होता. ती वसुली त्याच्या खात्याची. रोमचा थेट कर यहूदीयात, म्हणजे यरुशलेमच्या प्रांतात, इ.स. 6 मध्ये आला, रोमचा सुभेदार क्विरीनिय याच्या मोजणीसोबत: माणसांवर आणि जमिनीवर. गालीलकर यहूदाने बंड केले ते या मोजणीविरुद्ध. येशूला विचारलेला 'कैसराला (रोमच्या सम्राटाला) कर द्यावा की नाही' हा पेच त्याच कराचा. मार्क आणि मत्तय यांच्या शुभवर्तमानांत तिथे 'केन्सोस' आहे. लॅटिन 'केन्सुस', म्हणजे मोजणी, तोच शब्द. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 17व्या अध्यायात 'तेले' (तेलोनेस घेतो ती जकात) आणि 'केन्सोस' हे शेजारी शेजारी येतात. दोन्हींना 'कर' म्हटले तर ते वाक्य मराठीत कसे लिहिणार?

म्हणून माझे मत: तेलोनेस जकातदारच राहू द्यावा. 2017 मध्ये मुंबईची जकात बंद झाली असली तरी शब्द अजून कळतो, आडनावातही टिकला आहे. फार तर पहिल्या उल्लेखाला 'मक्त्याने वसुली घेणारा' अशी टीप द्यावी. केन्सोसला 'डोईपट्टी' चालेल, जमिनीचा भाग सुटतो एवढे लक्षात ठेवून. त्याच 17व्या अध्यायातले दोन द्राख्मे (ग्रीक नाणी) मात्र यांत कुठेच बसत नाहीत. ती यरुशलेमची मंदिरपट्टी, ज्यू आपल्या मंदिरासाठी धर्मकर्तव्य म्हणून देत. इ.स. 70 मध्ये मंदिर पडल्यावर रोमने तेवढीच रक्कम ज्यूंकडून सक्तीने घ्यायला सुरुवात केली, ज्युपिटरच्या देवळासाठी. तिथे 'मंदिरपट्टी' लिहिताना कोणाचे मंदिर ते सांगावेच लागेल.