किरकोळ धडक, मोठी दमदाटी

ताई, गाडी शिकल्यावर पहिल्याच महिन्यात किरकोळ धडक झाली आणि समोरचा गाडीवाला दमदाटी करू लागला की हात थरथरणारच.

समोरचा काच बडवत असेल तर खाली उतरू नका. दारं लॉक, काच बोटभर खाली, बोलणं तेवढ्यातूनच. मला सिंहगड रोडवर चौघांनी घेरलं होतं. ११२ लावून फोन स्पीकरवर ठेवला. पोलिसांचा आवाज ऐकूनच दोघं मागे सरले.

नवखे हमखास दोन चुका करतात: घाबरून रोख पैसे काढून देतात, नाहीतर गाडी दामटतात. कुणाला लागलं असेल तर पळू नका, जखमीला मदत मिळवून देणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार बंधनकारक आहे. जमावच अंगावर आला तर तेच कलम सूट देतं. मग थेट पोलीस चौकी गाठा.

नंबरप्लेटचा फोटो आतूनच काढा. विम्याचं नंतर बघू.